गाळलेलं जेवण

मुंबईला जायचं म्हटलं की बेबीनंदा आधी मिक्सर पिशवीत भरायची, कपडे त्यानंतर. चटणीपुरता घेतलेला लहानसा मिक्सर होता तो. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात ती तो गुंडाळायची, त्याच्या अंगाला गाळणी, दोन वाट्या, चमचा, थर्मास आणि दवाखान्यातून दिलेली बिनसुईची मोठी सिरिंज. पिशवीचा बंद खांद्यात रुतायचा. उजव्या खांद्यावर वळ उठला की ती डाव्या खांद्यावर घ्यायची. परतूर ते मुंबई एवढ्या लांबच्या रस्त्यात दोन्ही खांद्यांची पाळी बऱ्याचदा यायची.

तिचा नवरा कारभारी परतूरजवळच्या त्यांच्या गावात ट्रॅक्टर चालवायचा. घरचं रान आटोपलं की लोकांची रानं नांगरून द्यायचा. दिवसदिवस सीटवर बसून झोप येते म्हणून गालात तंबाखू धरायची सवय लागली होती. मागच्या वर्षी गालाला आतून जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. मुंबईच्या दवाखान्यात डाव्या बाजूचा जबडा काढला, छातीचं मांस घेऊन गाल शिवला, मग किरणांचे शेक दिले. माणूस वाचला. पण तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं, चावणं संपलं होतं आणि बोलणं असं झालं होतं की बेबीनंदाशिवाय कोणाला कळत नसे.

"पातळ द्या, पण नुसतं पाणी देऊ नका," असं तिथल्या आहाराच्या बाईंनी बजावलं होतं. "डाळ, दूध, शेंगदाणे, नाचणी, तूप, सगळं पोटात गेलं पाहिजे. वजन उतरता कामा नये."

घरी ते जमायचं. प्रवासात जमायचं नाही. पहिल्या खेपेला तिने औषधाच्या दुकानातून भुकटीचा डबा घेतला होता, पाण्यात कालवून द्यायचा. कारभारीला तो पचला नाही, अर्ध्या रस्त्यात जुलाब सुरू झाले. दुसऱ्या खेपेला नुसता रस आणि ताक यांच्यावर भागवलं, तर परत येईपर्यंत माणसाचे डोळे खोल गेले. तेव्हापासून मिक्सर. धर्मशाळेत तो लावायला विजेचं बटण मिळायचं. गाडीतल्या बटणावर मात्र मोबाइलच चालतो हे तिला ठाऊक नव्हतं; एकदा तिने तिथे मिक्सर लावला आणि आख्ख्या डब्याचं चार्जिंग बंद पडलं. लोकांनी केलेली कटकट ऐकून तिचे कान लाल झाले होते.

आणखी एक गोष्ट होती. कारभारी कोणासमोर खायचा नाही. घास गिळताना शिवलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून थोडं बाहेर यायचंच. गाडीत भूक लागली की तो बेसिनजवळ, दाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. डोक्यावरून टॉवेल ओढायचा. बेबीनंदा त्याच्याकडे पाठ करून पदर पसरून उभी राहायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये. मागून तिला सिरिंजचा दट्ट्या दाबल्याचा आवाज यायचा. गाडीच्या हेलकाव्यात हे सगळं व्हायला अर्धा तास लागायचा.

स्वतःसाठी ती दुधात भिजवलेल्या दशम्या घ्यायची. दोन-तीन दिवस टिकतात, हात खराब होत नाहीत. पण त्याच्यासमोर दशमी मोडून खायचं तिच्या जिवावर यायचं. तिच्या दशम्या जशाच्या तशा घरी परत येत आणि म्हशीला जात. प्रवासभर ती चहावर राहायची.

त्या खेपेला दवाखान्याचं काम लवकर झालं. डॉक्टरांनी बॅटरी लावून तोंड बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "जखम छान भरलीय. आता जरा घट्ट द्यायला लागा. केळं कुस्करून, मऊ भात. यांच्या हाताने यांना खाऊ द्या."

"हो," बेबीनंदा म्हणाली.

पण मनात तिने ते तिथेच सोडून दिलं. थंडीच्या दिवसांत एकदा भाताचं एक शीत गाळणीतून निसटलं होतं आणि कारभारीचा श्वास अडकला होता. तोंड निळं पडलं होतं. पाठीवर गुद्दे मारमारून तिने ते शीत बाहेर काढलं आणि मग न्हाणीत जाऊन बराच वेळ बसून राहिली होती. त्या दिवसापासून ती सगळं दोनदा गाळायची. डॉक्टरांना काय, ते तोंड बघतात आणि पुढच्या माणसाला बोलावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते परतीच्या गाडीत बसले. पहाटे धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात तिने मुगाची पातळ खिचडी करून, तूप घालून, फिरवून, गाळून थर्मासमध्ये भरली होती. उन्हाळ्याचे दिवस होते. नाशिक सोडल्यावर खिडकीच्या गजांनासुद्धा हात लावता येईना.

समोरच्या बाकावर जालन्याचे बद्रीनारायणजी बसले होते. जुन्या जालन्यात त्यांचं धान्याचं दुकान, वय सत्तरीच्या घरात, पायाशी वाणाच्या नमुन्यांच्या दोन जड पिशव्या. गाडी सुटल्याबरोबर त्यांनी स्टीलचा चारमजली डबा उघडला होता. मेथीच्या पुऱ्या, खाखरे, भाजलेले मखाणे, वेगळ्या डबीत कोरडी चटणी.

"ताई, चाळीस वर्षं झाली फिरून राह्यलो मी," ते म्हणाले. "बाहेरचं एक दाणा तोंडात घालत न्हाई. स्टेशनावरचं तेल कसलं असतं, कोणाला मालूम? घरचं कोरडं बांधून घ्यायचं, जरा जरा खायचं, पाणी बराबर प्यायचं. बस. पोट एकदम ठीक राहतं. घ्या, पुरी घ्या."

"नको काकाजी. झालंय आमचं."

"अवो घ्या की. घरची आहे."

"खरंच नको."

त्यांनी कारभारीपुढे डबा धरला. कारभारीने टॉवेल नाकापर्यंत ओढला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. म्हाताऱ्याच्या लक्षात काहीतरी आलं असावं. त्यांनी डबा मागे घेतला. पण बोलणं थांबलं नाही. खजूर किती चांगले, फुटाणे किती चांगले, प्रवासात दही का खाऊ नये, हे सगळं बेबीनंदाने ऐकलं. ती नुसती मान हलवत होती. तिला झोप हवी होती. पण झोपलं तर स्टेशन, सामान, औषधाची वेळ कोण बघणार?

संभाजीनगर येईपर्यंत गाडी तासभर मागे पडली होती. तिथून निघाल्यावर तिने वाटीत ओतायला थर्मास उघडला आणि आंबूस वास आला. तिने बोटाने चाखून बघितलं. फिरवलेलं अन्न, त्यात थर्मासची ऊब आणि बाहेर हे ऊन. खिचडी उतरली होती.

तिने झाकण लावलं. कारभारी तिच्याकडे बघत होता.

"आंबलं," ती हळूच म्हणाली. "पहाटे लई घाई झाली माझी. बर्फाच्या पाण्यात थंड करून भरायचं राह्यलं."

त्याने हात हलवून असू दे म्हटलं. पण पहाटे वाटीभर दूध गेलं होतं त्यावर त्याच्या पोटात काही नव्हतं, आणि गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नव्हत्या. दोन-अडीच तासांत परतूर येईल, घरी गेल्यावर बघू, असं तिने मनाशी ठरवलं.

बदनापूरला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. लोक उतरून फलाटावर सावलीला गेले. कोणीतरी सांगत आलं की पुढे दिनागावजवळ मालगाडीचं इंजिन बंद पडलंय. बद्रीनारायणजींनी जालन्याला कोणाला तरी फोन लावला.

"दोन तास तरी हलत न्हाई म्हणून राह्यलेत," फोन ठेवून ते म्हणाले. "लोक चालले हायवेवर जीप पकडायला. मी काय या पिशव्या घेऊन जाऊ? गुडघे चालत न्हाईत."

बेबीनंदाने कारभारीकडे बघितलं. त्याने डोळे मिटून डोकं खिडकीला टेकवलं होतं. कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. हायवेपर्यंत त्याला चालवत न्यायचं, जीपमध्ये चेंगरून बसवायचं, हे काही तिला जमण्यासारखं वाटेना.

"अहो," ती त्याच्या कानाशी वाकली. "मी जल्दी जाऊन येते. दूध घेते, दशम्या आहेत माझ्याजवळ, कुठं लाइट मिळाली की फिरवून आणते. तुम्ही बसा."

त्याने मान हलवली. नको की हो, ते तिने बघितलं नाही.

"जा ताई, मी आहे यांच्याजवळ," बद्रीनारायणजी म्हणाले. "बिलकुल काळजी करू नका."

मिक्सरची पिशवी खांद्याला लावून ती उतरली. पर्स आणि मोबाइल बाकावरच राहिले. कमरेला खोचलेल्या चंचीत सुटे पैसे होते, तेवढे पुरे होते.

स्टेशनच्या बाहेर दोन चहाच्या टपऱ्या होत्या. पहिल्याकडे वीजच नव्हती. दुसऱ्याने मिक्सर बघून हात जोडले, "बाई, माझा बल्ब या बारीक तारेवर चालतो, जळून जाईल सगळं." दूध मात्र त्याने दिलं, उकळलेलं, पिशवीत बांधून. पुढे गिरणी आहे, तिथं बघा, म्हणाला.

गिरणी गल्लीच्या तोंडाशी होती. पिठाने पांढरी झालेली एक पोक्त बाई उंबऱ्यात बसून पंख्याऐवजी पुठ्ठा हलवत होती. तिचं नाव पुष्पाबाई.

"मावशी, पाच मिनिटं मिक्सर लावू द्या. माझ्या माणसाला चावता येत न्हाई. गाडी थांबलीय तिकडं."

"लाव की. त्याला काय होतंय," पुष्पाबाई म्हणाली. "पण लाइट कुठंय? आत्ताच गेली. येईल बघ थोड्या वेळात. बस."

बेबीनंदा बसली. तिने पाठ भिंतीला टेकवली आणि पाय लांब केले. पुष्पाबाईने माठातलं पाणी दिलं.

"जेवलीस का तू?"

"न्हाई अजून."

"तोंड बघ कसं झालंय. काय झालंय मालकाला?"

बेबीनंदाने सांगितलं. हे तिने इतक्या लोकांना सांगितलं होतं की शब्द पाठ झाले होते. बस कुठे मिळेल हे सांगावं तसं ती ते सांगायची. सांगतासांगता ती दशम्यांचे बारीक तुकडे करत होती. पुष्पाबाईने आपल्या डब्यातली दोन केळी आणून ठेवली आणि गुळाचा खडा दिला.

"आणि तू किती दिवस करून राह्यलीस हे?"

"दिवाळीच्या आधीपास्नं."

"कोणी हाताखाली?"

"सासूला दिसत न्हाई. पोरगी दिलेली आहे, तिचंच तिला पुरं होत न्हाई." थोडं थांबून ती म्हणाली, "मावशी, खरं सांगू का? मला आता भूकच लागत न्हाई. सगळ्याचा वास सारखाच येतो. पोटात काय घालावं आणि कशाला घालावं, असं झालंय."

 पुष्पाबाईने पुठ्ठा बेबीनंदाच्या अंगावर हलवायला सुरुवात केली. त्या वाऱ्याने बेबीनंदाचे डोळे मिटले. किती वेळ गेला कोण जाणे. डोक्यावरचा पंखा घरघरला तेव्हा ती दचकून उठली.

तिने मिक्सर लावला. दशमी, दूध, केळं, गूळ. एकदा फिरवलं, गाळलं, गाळणीत राहिलेलं पुन्हा भांड्यात टाकून फिरवलं. दुसऱ्यांदा गाळत असताना लांबून भोंगा वाजला.

"मालगाडी असंल," पुष्पाबाई म्हणाली.

दुसरा भोंगा वाजला तेव्हा बेबीनंदाने मिक्सर आणि गाळणी पिशवीत कोंबली, भांड्यावर झाकण दाबलं आणि पळत सुटली. एका हातात भांडं, खांद्यावर पिशवी, पायातली एक चप्पल गल्लीतच राहिली. ती फलाटावर पोचली तेव्हा गाडीचा शेवटचा डबा फलाट सोडून पुढे गेला होता. ती काही पावलं धावली आणि थांबली. डब्यामागचा लाल दिवा लहान होत गेला.

फलाटावर दोन कुत्री आणि झाडू मारणारा माणूस, एवढेच राहिले होते. तो म्हणाला, "इंजिन लवकर दुरुस्त झालं. लोकांना हाका मारल्या, बसा बसा म्हणून."

ती परत गिरणीकडे आली. पुष्पाबाई तिची चप्पल हातात घेऊन रस्त्यात उभी होती.

"फोन द्या मावशी."

तिला स्वतःचा नंबर पाठ होता. बराच वेळ रिंग वाजली. पलीकडून गाडीचा खडखडाट आणि त्यात कारभारीचा आवाज आला. समोर असला की त्याचं बोलणं ती डोळ्यांवरून ओळखायची. फोनवर नुसते घशातले आवाज येत होते.

"अहो, मी बदनापूरलाच राह्यले! तुम्ही जालन्याला उतरा. ऐकू येतंय का? जालन्याला उतरा आणि तिथंच बसा. कुठं जाऊ नका!"

तो काहीतरी बोलला. "आ-ना," असं काहीतरी. मग पुन्हा, जास्त जोर लावून, "आ-आ-ना." त्याला ज म्हणता येत नव्हता. मग फोन कटला.

"काय म्हणाले?" पुष्पाबाईने विचारलं.

"जालना म्हणाले असतील," बेबीनंदा म्हणाली. "असतील."

हायवेवर काळीपिवळी जीप मिळाली. मागच्या बाकावर दोन बायांच्या मध्ये ती भांडं मांडीवर धरून बसली. जीप दर फाट्यावर थांबायची. प्रत्येक वेळी तिच्या डोळ्यांसमोर तेच यायचं: तो दारात उभा आहे, चक्कर आली आहे, सामान वर फळीवर राहिलं आहे, तो कोणाला तरी काहीतरी सांगतोय आणि त्या माणसाला कळत नाही. किंवा त्याने उपाशीपोटी गोळी घेतली. किंवा कोणी दया येऊन त्याच्या हातात वडापाव दिला आणि त्याने तोंडात घातला. मांडीवर धरलेलं भांडं तिने इतकं घट्ट दाबलं होतं की शेजारची बाई म्हणाली, "ताई, सांडून राह्यलं ते." झाकणाखालून दूध तिच्या साडीवर ओघळलं होतं.

जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला जीप सोडून ती चालत निघाली. पळायचं आता त्राण नव्हतं. फलाटावर उन्हाची तिरीप होती. तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

पाण्याच्या नळापलीकडे, खांबाजवळच्या बाकावर कारभारी बसला होता. शेजारी सगळं सामान नीट रचून ठेवलेलं, पर्स वरती. त्याच्या हातात कागदी प्याला आणि चमचा होता. डोक्यावर टॉवेल नव्हता; तो मांडीवर पसरला होता. समोरून माणसं येत-जात होती, एक बाई पोराला घेऊन त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. आणि तो खात होता. चमचाभर घ्यायचा, मान उजवीकडे कलती करायचा, थांबायचा, गिळायचा. ओठाच्या कोपऱ्यातून आलेलं टॉवेलच्या टोकाने पुसायचा. मग पुढचा चमचा.

बेबीनंदा जवळ जाऊन उभी राहिली. प्याल्यात दुधात कुस्करलेलं केळं होतं. फिरवलेलं नव्हतं, गाळलेलं नव्हतं; गुठळ्या दिसत होत्या.

"हे काय खाऊन राह्यलात?"

त्याने वर बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी उमटलं, पण तिला ते दिसत नव्हतं.

"कोणी दिलं हे? अडकलं असतं म्हणजे? मी इकडं नव्हते, काय केलं असतं तुम्ही? काकाजी कुठंयत?"

त्याने सावकाश सांगितलं. काकाजींनी सामान उतरवून दिलं, थांबतो म्हणत होते, पण त्यांना घ्यायला पोरगा आला होता, म्हणून मीच जा म्हणालो. मग भूक लई लागली. दूध घेतलं, केळी घेतली, चमच्याने कुस्करली. हे सगळं सांगायला त्याला वेळ लागला. बाकावरची बाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"आणि गिळता आलं?"

त्याने प्याला दाखवला. तळाशी थोडंसंच उरलं होतं.

"कधीपास्नं येतं तुम्हाला?"

"आज," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तू कधी देतच न्हवतीस."

 तिच्या हातातलं भांडं, खांद्यावरची पिशवी, साडीवर वाळलेलं दूध, या सगळ्याचा एकदम तिला राग आला, आणि त्याचाही आला, आणि त्या डॉक्टरचा, ज्याने हे इतक्या सहज सांगितलं होतं. चप्पल गल्लीत पडली तरी मी पळतेय आणि हा माणूस बाकावर बसून केळं खातोय! तिने पिशवी खाली टाकली. मिक्सर फरशीवर आपटला.

"मंग मी हे कशाला ओढत होते?" ती म्हणाली. आवाज मोठा झाला होता, बाकावरच्या बाईने पोराला जवळ ओढलं. "मला मरायची पाळी आली होती जीपमध्ये. तुम्हाला येतं तर सांगायचं ना. तोंड उघडून सांगायचं!"

 ती त्याच्या शेजारी बसली, पण अंग दुसरीकडे वळवून. तिला रडू यायला हवं होतं, ते येत नव्हतं. नुसती एक जडशी ग्लानी डोक्यात उतरत होती. समोर रुळांपलीकडे कोणीतरी पोत्यांची गाडी ओढत होतं, ती ते बघत राहिली.

खूप वेळाने कारभारीने तिच्या मांडीवरचं भांडं उचललं. झाकण काढलं, वास घेतला आणि भांडं तिच्यापुढे धरलं.

"मला नको."

त्याने ते तसंच धरून ठेवलं. "सकाळपास्नं," तो म्हणाला. पुढचे शब्द नीट उमटले नाहीत, पण ते तिला कळले: सकाळपासून चहासुद्धा घेतला नाहीस.

तिने भांडं घेतलं आणि तोंडाला लावलं. दशमी, दूध, केळं, गूळ, सगळं एक झालेलं, पिठूळ, कोमट, दाताखाली येण्यासारखं काही नसलेलं. तिने तीन-चार घोट घेतले आणि थांबली. इतक्या महिन्यांत तिने बोटभर चाखण्यापलीकडे हे कधी प्यायलं नव्हतं.

"असं लागतं हे?"

"लई बेकार," कारभारी म्हणाला. हे शब्द अगदी स्पष्ट आले.

तिला हसू आलं नाही. पण तिने भांडं पुन्हा तोंडाला लावलं आणि उरलेलं सगळं संपवलं, कारण पोटाला ते हवं होतं.  कारभारीने स्वतःच्या टॉवेलचं कोरडं टोक तिच्याकडे सरकवलं आणि तिने ओठ पुसले. मग तो उठला, गोळ्यांची पाकिटं पर्समधून काढली, तिला दाखवून एकेक घेतली. नळावर जाऊन त्याने मिक्सरचं भांडं आणि गाळणी धुऊन आणली. ती उठली नाही. कोणीतरी भांडी घासतंय आणि आपण बसून आहोत, हे तिला पचायला थोडा वेळ लागला.

परतूरकडे जाणारी पॅसेंजर आली तेव्हा उन्हं उतरली होती. डब्यात बसायला जागा मिळाली. सामान कारभारीने वर ठेवलं. मिक्सरची पिशवी त्याने स्वतःच्या खांद्याला अडकवून ठेवली होती. गाडी हलली आणि बेबीनंदाची मान बाजूला पडली. तिला आपण त्याच्या खांद्यावर डोकं टाकलंय हे कळत होतं, स्टेशन बघायचं आहे हेही कळत होतं, पण डोळे उघडत नव्हते. एकदा जाग आली तेव्हा तो खिडकीतून बाहेर नांगरलेल्या रानांकडे बघत होता. ती पुन्हा झोपली.

परतूरला त्याने तिला हलवून उठवलं. क्षणभर तिला आपण कुठे आहोत ते उमगेना. फलाटावर उतरल्यावर रिक्षाकडे चालताना तो म्हणाला, "उद्या भात."

"काय?"

"मऊ भात. फिरवायचा न्हाई."

बेबीनंदा चालत राहिली. उद्या तो भात खाईल आणि ती समोर बसून त्याच्या गळ्याकडे बघत राहील, प्रत्येक घासाला तिचा श्वास अडकेल, हे तिला आत्ताच दिसत होतं. त्याला चार दिवस लागतील सवय व्हायला. तिला किती लागतील, कोणाला ठाऊक.

"करू," ती म्हणाली. "पण आज घरी गेल्यावर मला काही विचारू नका. मी झोपणार हाय."

त्याने हो म्हटलं आणि रिक्षाला हात केला.